ऐकू येतं, पण कळत नाही

नमस्कार. माझ्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या आजींचं पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं: "मला ऐकू येतं हो, पण कळत नाही." सोबतचा मुलगा लगेच म्हणतो, "हिला हवं ते बरोब्बर ऐकू येतं!" तो खोटं बोलत नसतो, त्याला घरात तसंच दिसतं. पण आजींचं वाक्य अक्षरशः खरं असतं.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली कॉक्लिया असते. आवाजाची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या पेशी तिच्यात जेमतेम साडेतीन हजार. त्यांना आवाज वाढवून देणाऱ्या पेशी सुमारे बारा हजार. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. वयाबरोबर आधी जातात त्या शंखाच्या दाराशी बसलेल्या, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या.

आता आपली भाषा बघा. स्वर खालच्या पट्टीत असतात, आणि दणदणीत असतात. 'स'चा सळसळाट मात्र ४,००० हर्ट्झच्या वरचा, आणि क्षीण. त, ठ, क यांचे स्फोट तर क्षणात विरतात. म्हणजे पाट, पाठ, पाक, पास असं काहीही म्हणा, आजींना नीट मिळतो तो 'पा'. आपण ओरडतो तेव्हा तोच 'पा' आणखी मोठा होतो, व्यंजन जिथल्या तिथे राहतं. वर आजी म्हणतात, "ओरडतोस कशाला?" हेही खरंच असतं. आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा चटकन असह्य होतो. मधली जागा फार अरुंद उरते.

उरलेली अक्षरं मेंदू अंदाजाने भरतो. "पोळ्यांसाठी… पा… आण" यातलं काय हवंय ते संदर्भाने, ओठांकडे बघून तो ठरवतो. ठरवेपर्यंत पुढचं वाक्य येऊन गेलेलं असतं. याची किंमत स्मरणाला मोजावी लागते. १९६८ साली पॅट्रिक रॅबिट या मानसशास्त्रज्ञाने तरुण, चांगलं ऐकणाऱ्या माणसांना गोंगाटात आकडे ऐकवले. आकडे त्यांना बरोबर ओळखता येत होते, तरी नंतर आठवताना कमी पडले. ऐकण्यातच शक्ती गेली, साठवायला उरली नाही. घरच्यांना वाटतं, आई विसरायला लागली. विस्मरणाची शंका आली तर त्याचीही तपासणी करा, पण कान तपासल्याशिवाय तो शिक्का मारू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी दिली: लकव्यानंतर पत्नीला बोललेलं समजत नाही, कानाचं मशीन लावावं का? काका, कान तपासून घ्याच. पण बहुधा दुखणं वेगळं असेल. कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली अशा रुग्णांचं वर्णन केलं. आवाज मेंदूपर्यंत पोचतो, पण मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि मागे असलेल्या भागाला इजा झाल्याने शब्दाचा अर्थ लागत नाही. याला वाचाघात म्हणतात. इथे मशीनचा उपयोग नाही, वाचा-उपचार हवेत. एका वेळी छोटं वाक्य बोला, वस्तू हातात धरून दाखवा. शब्द हरवले तरी बोलण्याचा सूर त्यांना पुष्कळदा कळतो. चिडून बोललात तर तेही.

आता मशीनबद्दल. पहिल्याच आठवड्यात ते डब्यात जातं, कारण भांडी आपटल्यासारखी वाटतात, पंख्याची घरघर डोक्यात शिरते. वर्षानुवर्षं न आलेले आवाज अचानक परत आलेले असतात, आणि त्यातला कुठला सोडून द्यायचा हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं. त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर रोज थोडा वेळ मशीन लावून एकाच माणसाशी बोला. समोरासमोर, उजेडात, टीव्ही बंद करून.