अठराचं लेबल, जे कधी लागलंच नाही

कॅलिफोर्निया, २००५. गव्हर्नर कोण, तर अर्नोल्ड श्वार्झनेगर, ज्याने पडद्यावर आयुष्यभर बंदुका चालवल्या तोच माणूस, आणि मुलांना मारधाडीचे व्हिडिओ गेम विकू नका म्हणणाऱ्या कायद्यावर सही त्याचीच. असो.

कायदा तसा सरळ होता. १८ वर्षांखालच्या मुलाला हिंसक गेम विकला किंवा भाड्याने दिला तर १,००० डॉलरपर्यंत दंड, आणि गेमच्या पाकिटावर समोरच दोन बाय दोन इंचाचा मोठा १८ आकडा. आईवडील, आजीआजोबा, अगदी काका-मामांनी स्वतः आणून दिला तर चालेल. पण कंपन्या लगेच कोर्टात गेल्या, स्टे मिळाला, आणि हा कायदा एक दिवससुद्धा लागू झाला नाही.

केस शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. २७ जून २०११ ला निकाल आला, ७ विरुद्ध २, कायदा रद्द. निकाल लिहिला जस्टिस स्कालियांनी आणि तो वाचायला खरंच मजा येते, कारण ते म्हणतात मुलांच्या गोष्टींत रक्तपात कधी नव्हता? ग्रिमबंधूंच्या स्नो व्हाइटमधली राणी तापलेल्या लाल बुटांत मरेपर्यंत नाचते, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, हॅन्सेल-ग्रेटेल म्हातारीला भट्टीत घालतात. मग गेमलाच वेगळा न्याय का? गेममुळे मुलं हिंसक होतात हे राज्याला सिद्धच करता आलं नाही, असंही कोर्टाने सुनावलं.

आता दुसरी बाजू ऐका, मला तर जास्त हीच पटते. विरोधात मत देणारे जस्टिस ब्रेयर म्हणाले, १३ वर्षांच्या पोराला नग्न बाईचा फोटो असलेलं मासिक विकायला बंदी घालता येते, १९६८ पासून कोर्टालाच ते मान्य आहे, पण त्याच पोराने गेममध्ये एका बाईला बांधून, छळून मारलं तर तो गेम विकायला हरकत नाही? ह्यात कुठलं लॉजिक आहे? ह्याचं समाधानकारक उत्तर मला तरी त्या निकालात सापडलं नाही.

आणि गंमत बघा, कायदा नसतानाही दुकानं सुधारलीच. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये मॉर्टल कॉम्बॅट ह्या मारधाडीच्या गेमवरून गदारोळ झाल्यावर सरकार काही करायच्या आत इंडस्ट्रीने १९९४ मध्ये स्वतःच रेटिंग आणलं, 'एम' म्हणजे १७ आणि त्यापुढच्यांसाठी. नुसता शिक्का मारून काय होणार, २००० मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, दुकानात पाठवलेल्या अल्पवयीन मुलांपैकी ८५ टक्क्यांना 'एम' गेम आरामात मिळाला होता. मग काउंटरवर आयडी विचारायला लागले आणि २०११ पर्यंत तो आकडा १३ टक्क्यांवर आला.

कॅलिफोर्नियाला मात्र हरल्यावर समोरच्यांच्या वकिलांची फी म्हणून ९ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले, आणि आता तर बरेचसे गेम डाउनलोडच होतात, तिथे आयडी मागणारा सहसा कुणी नसतो, असते बहुतेकदा फक्त अकाउंटमध्ये टाकलेली जन्मतारीख.