दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला असं नाही

नमस्कार मंडळी. नागपूरचं रेशीमबाग असो नाहीतर तुमच्या मोहल्ल्यातलं ग्राउंड, सकाळी साडेपाचला गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतील, मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर, आणि त्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळलेलं असतंच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही सर, जुनंच आहे, अधूनमधून मुरगळते." मला काळजी वाटते ती याच उत्तराची.

पाय आत वळून मुरगळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात. तिथे तीन असतात, पहिला मार बहुतेक वेळा सगळ्यात पुढच्याला, डॉक्टर त्याला एटीएफएल म्हणतात, जास्त जोरात मुरगळला तर शेजारचा सीएफएलही दुखावतो. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, दुखणं कमी होतं आणि आपण लगेच धावायला, गाडीला किक मारायला, बाजारात जायला मोकळे. पण लिगामेंटचं काम फक्त हाडं धरून ठेवायचं नाहीये, त्याच्यात बारीक सेन्सर असतात, पाय किती वाकडा झाला ही खबर ते मेंदूला देतात. मार बसल्यावर ही खबर नीट पोचत नाही, त्यामुळे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू, ज्यांनी पाय सावरायचा, ते उशिरा आवळतात, तोवर पाय वळून गेलेला असतो. म्हणून मग सिमेंट रोडच्या कडेला, पेव्हर ब्लॉकवर, कधी तर घरातल्या सपाट फरशीवरसुद्धा पाय दगा देतो. पहिल्यांदा मुरगळल्याला वर्ष होऊन गेलं तरी हे चालूच असेल तर त्याला क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी म्हणतात, आणि दहातल्या चार जणांपर्यंत ही वेळ येऊ शकते असं अभ्यास सांगतात.

आपल्याकडे मुरगळला की गरम तेल लावून जोरात चोळून घ्यायची पद्धत आहे. चोळणाऱ्याची माया खरी असते, पण पहिले दोन-तीन दिवस हे करू नका, सूज वाढते. बर्फ कपड्यात गुंडाळून लावा, बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. फ्रॅक्चरची शंका असेल तर कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले नियम आजही वापरतात, लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढाच.

आता जुन्या दुखण्याचं. आधी एक बघून घ्या. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, एका पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा, टेकला की पाय थोडा थोडा मागे सरकवत जा. दोन्ही पायांत बराच फरक निघाला तर घोटा आखडलाय, आधी तो मोकळा करायला लागेल, नाहीतर पुढचे व्यायाम नीट होत नाहीत.

मग बॅलन्स, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कंटाळा याचाच केला जातो. सकाळी ब्रश करताना बेसिनला एका हाताने धरून दुखऱ्या पायावर उभे राहा, तीस सेकंद, जमलं की हात सोडा, ते जमलं की डोळे मिटा. डोळे मिटले की घोटा कसा लटलट हलतो ते स्वतः बघा, नजरेचा आधार गेला की त्याची खरी हालत कळते. म्हणून हात बेसिनजवळच ठेवा, पडायचं नाही. सोबत टाचा उचलायच्या, रबरबँड पावलाला अडकवून पाऊल बाहेर ढकलायचं. रोज दहा-पंधरा मिनिटं, निदान सहा ते आठ आठवडे. चार दिवस करून "फरक नाही पडला" म्हणू नका बाप्पा, मेंदूला परत शिकायला तेवढा वेळ लागतोच.

खेळताना लेस बांधायचा अँकल ब्रेस घाला, त्याने परत मुरगळायचं प्रमाण कमी होतं, पण ब्रेस आहे म्हणून व्यायाम सोडायचा नाही. आई-मावशींनी बाजारात जाताना सपाता टाळून मागे पट्टा असलेली सँडल घालावी.

काही महिने मनापासून व्यायाम करूनही पाय निसटत असेल, किंवा घोट्याच्या आत खोल दुखतंय, अडकल्यासारखं होतंय, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, कधीकधी आतल्या कूर्चेला मार असतो आणि तो एमआरआयमध्ये दिसतो. गरज पडली तर ब्रोस्ट्रॉम नावाचं ऑपरेशन आहे, १९६६ पासूनचं, त्यात आपलाच ढिला झालेला लिगामेंट घट्ट करून शिवतात. त्यानंतरही फिजिओथेरपी लागतेच, खेळायला परत काही महिने जातात.

आणि भरतीवाल्या पोरांनो, धावायला लागण्याआधी दुखऱ्या पायावर लंगडी घालून बघा, चांगल्या पायाएवढी लांब उडी येते का, टेकताना घोटा डगमगतो का. डगमगत असेल तर अजून काही दिवस सरळ रस्त्यावर हळू जॉगिंग, ते बिनत्रास झालं की मग वळणं, आणि फुल स्पीड सगळ्यात शेवटी. धन्यवाद, नमस्कार.