वानरलिंगीमागची वीज

(दृश्य: नाणेघाटाचा माथा. दुपार. जीवधन आणि वानरलिंगी.)

मे महिना सरत आलाय. रोहिणी नक्षत्र लागलंय. नाणेघाटाच्या माथ्यावरचं गवत वाळून करकरीत झालंय आणि समोर जीवधन किल्ल्याचा कातळ उन्हात नुसता तापतोय. किल्ल्यापासून तुटून, एकटाच उभा असलेला हा सुळका म्हणजे वानरलिंगी. गिर्यारोहक त्याला खडा पारशी असंही म्हणतात. उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास. दगड काळा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचले. पुढे पावसानं, वाऱ्यानं आणि उन्हातान्हानं भेगा रुंदावल्या, आजूबाजूचा खडक दरीत कोसळत गेला आणि एवढा खांब उरला.

या सुळक्यामागे पडलेली वीज आम्हाला टिपायची होती. दिवेलागणीच्या वेळी, आभाळात अजून उजेड असताना. आणि एकाच फ्रेममध्ये.

हे शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम बोलतोय. विजेचे जे फोटो सध्या सगळ्यात जास्त फिरतात, त्यात एका डोंगराभोवती एकाच वेळी आठ-दहा विजा कोसळताना दिसतात. तासाभरात घेतलेले वेगवेगळे फोटो संगणकावर एकावर एक रचून ते चित्र तयार होतं. पाहायला भारी वाटतं. पण तसं आभाळ त्या डोंगरावर कुणीच पाहिलेलं नसतं, आणि फोटोखाली तसं लिहिलेलंही क्वचितच असतं.

(दृश्य: घाटाची फरसबंद वाट, रांजण, लेण्याचं तोंड.)

कोकणातून वैशाखऱ्याकडून चढत येणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला जायचा. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण अजून जागेवर आहे आणि लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख. आम्ही इथं पोचलो ते वरच्या बाजूनं, जुन्नर आणि घाटघरमार्गे. गाडी थेट माथ्यापर्यंत येते. विजेच्या कामात ही सोय फार मोलाची आहे, ती का ते पुढे दिसेल.

(दृश्य: ढग वाढतानाचं वेगवान चित्रण.)

दुपारी दोनच्या सुमारास देशाच्या बाजूला, पूर्वेकडे, हे पांढरे ढग उठायला लागले. खालची जमीन तापलेली, त्यात अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची हवा. ती गरम हवा वर चढते, वर गार होते, बाष्पाचं पाणी होतं, आणि त्या बदलात बाहेर पडणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते. हा ढग पाहा. त्याचे वरचे गड्डे सतत उकळताहेत. असे वळवाचे ढग १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जातात. मग वर जायला वाव उरत नाही आणि माथा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. हा आकार दिसला की आम्ही सामान काढतो.

ढगाच्या पोटात, जिथं तापमान शून्याखाली १० ते २० अंश असतं, तिथं बर्फाचे हलके कण आणि गारांचे मऊ, जड गोळे एकमेकांवर आदळत राहतात. त्या टकरीत विद्युतभार वाटला जातो. हलके कण धनभार घेऊन वर जातात, जड गोळे ऋणभार घेऊन खाली राहतात. फरक वाढत वाढत हवेला झेपेनासा होतो.

मग ढगातून एक वाट खाली यायला लागते. सलग येत नाही. साधारण ५० मीटरची एक उडी, क्षणभर थांबा, पुन्हा उडी. मध्येच फाटेही फुटतात. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच, टोकदार गोष्टींतून वर एक ठिणगी निघते. दोन्ही जुळल्या की खरा प्रवाह धावतो आणि आपल्याला दिसतो तो लखलखाट होतो. त्या वाटेची जाडी फार तर काही सेंटिमीटर. तापमान ३०,००० अंश सेल्सिअसच्या घरात, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट.

विजेचं हे उतरणं माणसाला कळलं ते कॅमेऱ्यामुळे, आणि याचा आम्हाला फार अभिमान वाटतो. चित्रकार वीज काढायचे ती कोनाकोनांची, नागमोडी. ती खरंच तशी असते का, हे तपासायला विल्यम जेनिंग्ज नावाच्या छायाचित्रकारानं १८८२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आभाळाकडे कॅमेरा लावला. काचेवर उमटली ती झाडाच्या मुळांगत फुटत गेलेली वीज. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स बॉइज यांनी भिंगं फिरणारा कॅमेरा बनवला आणि १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेसिल शॉनलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या कॅमेऱ्यानं विजेचं टप्प्याटप्प्यानं उतरणं नोंदवलं. एकेक लखलखाट, जसा आला तसा. त्यांनी दोन विजा एका काचेवर चिकटवल्या असत्या तर आज आपल्याला काय कळलं असतं?

(दृश्य: ट्रायपॉड, कॅमेरा, वायरचा रिमोट.)

आता कॅमेरा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता तो बुटका ठेवलाय, कारण पावसाआधीचा वारा उंच ट्रायपॉडला उभं राहू देत नाही. फोकस उजेड असतानाच सुळक्यावर पक्का केला आणि रिंगवर चिकटपट्टी लावली. अंधारात कॅमेरा स्वतः फोकस शोधायला लागला तर हातची वीज जाते. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, १००. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं उघडलेलं तोंड, एफ ८. रिमोट एकापाठोपाठ एक फोटो घेत राहतो, शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, बंद झालं की लगेच पुन्हा उघडतं. वीज चमकल्यावर बटण दाबून हाती काही लागत नाही. ती यायच्या आधीपासून शटर उघडं असावं लागतं.

इथं या कामातली खरी मेख आहे. वीज अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. शटर ५ सेकंद उघडं राहो की २०, ती फोटोत तेवढीच उतरते. तिचं तेज ठरतं अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. शटर किती वेळ उघडं, त्यावर ठरतं आभाळ आणि ठरतो सुळका. म्हणजे विजेसाठी एक हिशेब आणि दगडासाठी दुसरा, आणि दोन्ही एका फोटोत बसवायचे. दिवसा ते बसत नाहीत, उजेड इतका असतो की शटर लगेच मिटावं लागतं. काळी गडद फिल्टर लावून शटर लांबवता येतं खरं, पण ती फिल्टर विजेचंही तेज खाते. रात्री वीज छान येते आणि सुळका नुसती सावली होतो. वानरलिंगीच्या कड्यावरचे लाव्ह्याचे आडवे थर, त्यातल्या भेगा, खाचेत धरून राहिलेलं गवत, सगळं बुडून जातं. तो मग कुठलाही सुळका असू शकतो.

म्हणून संधिप्रकाश.

(दृश्य: सूर्यास्तानंतरचं सलग चित्रण. इथं निवेदन संथ.)

सात वाजून गेलेत. कोकणाच्या बाजूला सूर्य बुडाला. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा हा काळ नागरी संधिप्रकाशाचा. युरोपच्या उत्तरेकडे उन्हाळ्यात तो तासन् तास रेंगाळतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे आपल्याला मिळतात जेमतेम २२ ते २४ मिनिटं. वळवाचा ढग, त्याची वीज, तिचं नेमकं सुळक्यामागे असणं आणि ही मिनिटं, सगळं जुळून यायला हवं.

पहिल्या काही मिनिटांत कॅमेऱ्याच्या लेखी अजून दिवसच आहे. उजेड शटरला सेकंदभराच्या वर जाऊ देत नाही. त्यामुळे मागे वीज चमकते ती दोन फोटोंच्या मधल्या फटीत निसटू शकते, आणि निसटतेच.

आता सुळक्याकडे पाहा. सूर्य नाही, पण पश्चिमेचं आभाळ केशरी आहे आणि तो उजेड कातळाच्या एका अंगावर पडतोय. सावली नाही, चकाकी नाही. एकेक थर मोजता येतोय. मागे ढगाची निळी-काळी भिंत आहे, त्यामुळे दगड पुढे आल्यासारखा वाटतो. दिवसभरात कधीच तो असा दिसत नाही. आमच्या मते वानरलिंगीचं खरं रूप हेच. वीज नसती तरी आम्ही याच वेळी इथं उभे राहिलो असतो.

शटर २ सेकंद. ४. केशरी रंग जांभळट व्हायला लागला. ८ सेकंद. आता दोन फोटोंमधली फट नगण्य झाली, शटर जवळजवळ सतत उघडंच आहे. ढग आतून पेटतोय, पण वीज बाहेर येत नाहीये.

आणि ही आली.

(दृश्य: मूळ चित्रण, मग तेच संथ गतीनं. निवेदन थांबते.)

संथ गतीत ती लुकलुकताना दिसते. एकाच वाटेनं प्रवाह पुन्हा पुन्हा धावतो, साधारणपणे तीन-चार वेळा, आणि दोन वेळांमधलं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाएवढं. डोळ्यांना जे थरथरणं जाणवतं ते हेच.

हा तो फोटो. १० सेकंद, एफ ८, आयएसओ १००. डाव्या अंगाला जीवधनची भिंत, मध्ये वानरलिंगी, तिच्या मागे खूप दूरवर उतरलेली एक वीज. एकच. रंग कॅमेऱ्यातून आले तसे आहेत. फोटोखाली तारीख, वेळ आणि ही आकडेवारी आम्ही लिहिली आहे आणि मूळ फाइल जपून ठेवली आहे. प्रत्येक विजेच्या फोटोखाली एवढं असावं, आणि रचलेलं चित्र असेल तर तेही लिहावं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी हा नियम करावा अशी आमची मागणी आहे.

(दृश्य: गाडीच्या काचेतून बाहेर ठेवलेला कॅमेरा.)

या सगळ्या वेळात कॅमेरा माथ्यावर होता आणि आम्ही गाडीत, काचा बंद करून. वीज लखलखली की आकडे मोजायचे. गडगडाट एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद घेतो. ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि उघड्यावर थांबायचं नाही. झाडाखाली नाही आणि कातळातल्या उथळ कपारीतही नाही, तिथं प्रवाह छतावरून माणसावर उडी घेऊ शकतो. पायाळू माणसावर वीज पडते असं गावोगाव म्हणतात. वीज पाहते ती उंची आणि एकटेपणा, आणि मोकळ्या माथ्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस दोन्हींत बसतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, मगच कॅमेरा आणायला उतरायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये हवंच.

भारतात २०२२ मध्ये विजेनं २,८८७ माणसं गेली, आणि अशा बळींत शेतात राबणारे फार असतात.

(दृश्य: रात्र. भरून वाहणारा वळीव. मग ऑक्टोबरमधला हिरवा माथा.)

मृग लागून पाऊस स्थिरावला की हे काम थांबतं. जून ते सप्टेंबर माथा धुक्यात असतो, वीजही कमी. पुन्हा संधी येते ती परतीच्या पावसात. तेव्हा वरचे वारे पूर्वेकडून वाहतात आणि देशावर तयार झालेले ढग संध्याकाळी घाट ओलांडून कोकणात उतरतात, म्हणजे सुळक्याच्या मागून पुढे, थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं. माथ्यावर गवत हिरवं असतं आणि हवा धुतलेली. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, तेव्हा घाटघरहून पाचच्या आत वर पोचायला हवं. ढग जवळ येत जातात, त्यामुळे पहिले फोटो तेवढे घ्यायचे आणि गडगडाटाचं अंतर ३० सेकंदांवर आलं की कॅमेरा तिथंच सोडून गाडीत बसायचं.