भिंतीचा रंग सर्वांत शेवटी

रंग काढायचा म्हटलं की आपण आधी शेड कार्ड उघडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. भिंतीचा रंग सगळ्यांत शेवटी ठरवायचा. फरशी, टाइल्स, कपाटाचं लॅमिनेट, सोफ्याचं कापड मोजक्या रंगांत मिळतं आणि एकदा घरात आलं की वर्षानुवर्षं हलत नाही. भिंतीचा रंग मात्र टिंटिंग मशीनवर हजारो छटांत तयार होतो. म्हणून दुकानात जाताना लॅमिनेटचा तुकडा आणि पडद्याचं कापड सोबत न्या. फोनमधला फोटो नको. कॅमेरा फोटोतले रंग आपल्या हिशेबाने सुधारतो.

त्यानंतर उजेड बघा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात साधा करडा निळा वाटायला लागतो. दक्षिण गोलार्धात हाच प्रकार दक्षिणेच्या खोलीत होतो. पूर्वेची खोली सकाळी उबदार असते, दुपारनंतर फिकी पडते. पण बेडरूम बहुतेक रात्रीच वापरली जाते, तिथला रंग भर दुपारी पसंत करून काय उपयोग? २७०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवा फिकट निळ्याला मळकट करतो, ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा बदामी रंगाचा जीव काढून घेतो. दुकानात तंतोतंत जुळलेले पडदा आणि भिंत घरच्या दिव्याखाली वेगळे दिसतात, तेही याचमुळे: दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेडाला वेगळा प्रतिसाद देतात. तेव्हा दिवे बदलायचे असतील तर ते रंगाच्या आधी बदला.

अनेक शेड कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. घरात वापरले जाणारे पांढरे साधारण ८० ते ९० च्या घरात असतात. अंधाऱ्या खोलीला पांढरा द्या, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. परत फेकायला उजेडच नसेल तर पांढरी भिंत कोपऱ्यांत राखाडी दिसते. खिडकी लहान असेल तर ५० ते ६५ च्या दरम्यानची उबदार छटा जास्त शोभते. मोठी खिडकी असूनही खोली मिणमिणती वाटत असेल, तिथे मात्र पांढऱ्याचा उपयोग होतो.

पांढरा म्हणून घेतलेल्या रंगातही पोटात पिवळा, गुलाबी नाहीतर हिरवा दडलेला असतो. नुसतं बघून तो कळत नाही. छपाईच्या पांढऱ्या कागदावर शेड ठेवा, लगेच बाहेर येतो. त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड बघितली तरी अंदाज येतो.

आता नमुना, आणि इथे कंटाळा करू नका. कार्डावरचा चौकोन बोटभर असतो. तोच रंग चारही भिंतींना लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग अधिक चढतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी शेडही नमुन्यासाठी घ्या. जुन्या भिंतीवर थेट ठिगळ मारू नका, कारण शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. फ्रान्समधल्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगांची ती करामत होती. १८३९ मध्ये त्यांनी त्याचा नियमच मांडला. तुम्ही दोन फूट लांब-रुंद पांढरा पुठ्ठा घ्या, त्यावर दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्यातलं इमल्शन बहुतेक वेळा वाळल्यावर गडद होतं, ओल्यावर निकाल देऊ नका. मग पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीला, खिडकीच्याच भिंतीला आणि सोफ्यामागे, असा फिरवा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. एकच पुठ्ठा दोन भिंतींवर दोन वेगळे रंग दाखवेल.

साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के ठसठशीत, हा हिशेब ठीक आहे, पण तो नुसत्या भिंतींचा नाही. फरशी, पडदे आणि फर्निचरही त्यात मोजायचं. सागवानी कपाटांनी भरलेल्या खोलीत तीस टक्के तपकिरी आधीच आलेला असतो. छत नेहमी शुभ्रच हवं असंही नाही. भिंती गडद असतील तर वर करकरीत रेघ उमटते. अशा वेळी भिंतीचीच छटा पाव तीव्रतेने करून छताला द्या.

गडद लाल, गर्द पिवळा निवडलात तर आणखी एक गोष्ट. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे मशीनवर छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारं पांढरं द्रव्य, फार कमी असतं. दोन हातांत भिंत झाकत नाही, रोलरचे पट्टे दिसतात आणि दोष रंगाऱ्याला मिळतो. खाली शेडच्या जवळचा किंवा राखाडी प्रायमर आणि वर तीन हात धरा. चकचकीत फिनिश पुट्टीतला प्रत्येक उंचसखलपणा दाखवतं, मॅट तो लपवतं. पण गडद मॅटवर घासलं की चकाकणारा डाग राहतो. जिन्याशेजारी, मुलांच्या उंचीवर सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचं फिनिश, बरं.

हिशेब असा: ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली. परिघ १४ मीटर, म्हणजे भिंती ४२ चौरस मीटर. दार-खिडकीचे ४ वजा केले की ३८. एका लिटरमध्ये एक हात साधारण १० चौरस मीटर धरला, तर दोन हातांना साडेसात लिटरच्या थोडं वर. आठ लिटर घ्या आणि एकाच वेळी घ्या. दोन डब्यांच्या शेडमध्ये बारीक फरक असू शकतो, म्हणून सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच रोलर बुडवा. उरलेल्या डब्यावर शेडचा क्रमांक, बेस आणि फिनिश लिहून ठेवा. पुढे डाग झाकायचा झाला तर तेवढंच ठिगळ उठून दिसेल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा.