घटना बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक आली की ‘घटना बदलणार’ आणि ‘बदलू देणार नाही’ अशा दोन्ही आरोळ्या कानावर येतात. ती बदलते कशी, हे मात्र सभेत क्वचितच कुणी सांगतं. ते कलम ३६८मध्ये लिहिलेलं आहे.

घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभा आणि राज्यसभा अशा दोन्हीकडे वेगवेगळं मंजूर व्हावं लागतं. प्रत्येक सभागृहात अटी दोन. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांशही हवीत. लोकसभेचे सदस्य ५४३. समजा ४०० जणांनी मत दिलं, तर दोन तृतीयांशाचा आकडा २६७ येतो. पण तेवढ्यावर भागत नाही, पहिल्या अटीला २७२ लागतात. ४५० जणांनी मत दिलं तर ३०० हवेत. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचं जुळलं नाही, तर संयुक्त बैठक घेता येते. इथे ती पळवाट नाही.

हा हिशेब किती काटेकोर असतो, ते १९७० साली दिसलं. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे माजी राजेरजवाड्यांना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम, बंद करणारं विधेयक लोकसभेत पार पडलं आणि ५ सप्टेंबरला राज्यसभेत मताला आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. आता एक तृतीयांश मत काही कुणी देत नसतं! विधेयक पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली गेली. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात रद्द केला. अखेर १९७१च्या सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे संपले.

राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांच्या याद्या, अशा विषयांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते. जीएसटीच्या दुरुस्तीला ती घ्यावी लागली. उलट, राज्य तोडायला किंवा जोडायला संसदेचं साधं बहुमत पुरतं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते असेच. विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, मानावं लागत नाही. संघराज्याच्या दृष्टीने ही गाठ जरा सैलच आहे, पण ती घट्ट असती तर भाषावार राज्यं होणं फार अवघड गेलं असतं.

एवढं सगळं पार पडूनही दुरुस्ती टिकेलच असं नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला: संसदेला दुरुस्ती करता येईल, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. चौकटीत काय काय येतं याची पक्की यादी मात्र न्यायालयाने दिलेली नाही, ते खटल्यागणिक ठरतं. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी ९९वी दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, निम्म्याहून जास्त राज्यांनी मान्य केली, राष्ट्रपतींची सहीही झाली. तरी १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने ती रद्द केली, आणि न्यायाधीश निवडण्याचं काम पुन्हा कॉलेजियमकडे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाकडे गेलं.