एफओबी लिहिण्याआधी

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, फौंड्रीच्या दारात कंटेनर भरला जातोय.)

पंपाची कास्टिंग्ज निघाली आहेत जर्मनीला. गंज चढू नये म्हणून व्हीसीआय पिशव्या, खाली आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का मारलेली लाकडी पॅलेट्स. इनव्हॉइसवर अट आहे : एफओबी (फ्री ऑन बोर्ड, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची), न्हावा शेवा.

कंटेनरच्या मालाला ही अट बसत नाही.

पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं या व्यापाराच्या अटी, म्हणजे इन्कोटर्म्स, पहिल्यांदा १९३६ मध्ये छापल्या. आता चालते ती २०२० ची आवृत्ती. एकूण ११ अटी, त्यांतल्या एफओबी धरून चार फक्त जलवाहतुकीच्या. एफओबीत जोखीम खरेदीदाराकडे जाते ती माल जहाजावर चढल्यावर. कंटेनर मात्र टर्मिनलच्या गेटातच आपल्या हातून सुटतो. मग तो यार्डात पडून राहतो, जहाज लांबलं तर आणखी काही दिवस. तिथं आदळला, पाणी शिरलं, तर नुकसान शिरोलीच्या कारखानदाराचं. जहाज ठरवलेलं असतं खरेदीदारानं!

इथं एफसीए (फ्री कॅरिअर, म्हणजे ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराकडे सोपवायचा) लावावी, आणि टर्मिनलचं नाव घालून. ट्रेलरवरचा कंटेनर तिथं वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपली. कारखान्यातच ताबा द्यायचा असेल, तर खरेदीदाराच्या गाडीत माल चढवून देणं आपलं काम. ताबा कुठंही दिला, तरी शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) आणि निर्यातीचं कस्टम्स आपल्याचकडे. एलसीत (खरेदीदाराच्या बँकेच्या पैशांच्या हमीपत्रात) ऑन-बोर्ड बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती, मागितलेलं असेल, तर करारात एक ओळ हवीच : तसं बिल आपल्याला द्यायला खरेदीदारानं जहाज कंपनीला सांगावं. २०२० च्या नियमांत ही सोय मुद्दाम केली आहे. ओळ राहिली, की कागद बँकेत अडकतात.

(दृश्य: विम्याची पॉलिसी, गंजलेलं कास्टिंग.)

सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) या अटीमध्ये भाडं आणि विमा हॅम्बर्गपर्यंत आपण भरतो; जोखीम मात्र माल इथं जहाजावर चढताच खरेदीदाराची होते. विमा किमतीच्या ११० टक्के रकमेचा, पण किमान क्लॉज सीचा, म्हणजे सगळ्यात कमी संरक्षणाचा. समुद्राचं पाणी शिरून कास्टिंग गंजलं, तर नुसत्या क्लॉज सीमध्ये भरपाई नाही. कंटेनरसाठी सीआयपी (कॅरेज अँड इन्शुरन्स पेड टू) घ्यावी, तिच्यात क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात व्यापक संरक्षण, लागतो.

एक्स-वर्क्सचा (माल कारखान्यातूनच खरेदीदारानं उचलायचा) दर सोपा दिसतो, पण त्यात निर्यातीचं क्लिअरन्स खरेदीदारावर येतं. परदेशी खरेदीदाराकडे आयईसी (आयात-निर्यातीचा भारतीय कोड) नसतो, मग शिपिंग बिल शेवटी आपल्याच नावानं निघतं आणि त्याचा खर्च दरात धरलेला नसतो.

टर्मिनल हँडलिंगचे (बंदरात कंटेनर हाताळण्याचे) पैसे कुणी द्यायचे, हे कोटेशनमध्येच लिहावं. पेमेंट कधी आणि मालकी कधी बदलणार, हे यांपैकी एकही अट सांगत नाही. त्यासाठी करारात वेगळं कलम घालावं लागतं.