मला यायला उशीर झाला

[दृश्य: छोटी खोली. समोरासमोर दोन खुर्च्या. टेबलावर पाण्याचा ग्लास. दार उघडल्याचा आवाज.]

"सॉरी, मला यायला उशीर झाला."

समुपदेशकाच्या खोलीत शिरताना म्हटलेलं हे पहिलं वाक्य. साधंच आहे. पण मराठी कानाला त्यात काहीतरी खटकायला हवं. घाईत आलेला माणूस 'उशिरा आलो' म्हणतो, नाहीतर 'उशिरा आले'. इथे दोन्ही नाही. पुढची दहा मिनिटं ऐका.

"मला झोप लागत नाही." "कामात लक्ष नसतं माझं." "मी नोकरी सोडायचं ठरवलंय."

एकदाही 'गेलो' नाही, 'गेले' नाही. 'बसतो' नाही, 'बसते' नाही. क्रियापदाने चुगली करू नये म्हणून समोरची व्यक्ती प्रत्येक वाक्य आधी मनात फिरवून घेतेय आणि मग बोलतेय. आपल्या भाषेत 'मी' ला लिंग नसतं, पण 'मी' आला की पाठोपाठ ते येतंच. ते चुकवत दिवसभर बोलून पाहा, म्हणजे झोप का लागत नाही याचा थोडा अंदाज येईल.

हा प्रसंग कुणा एकाचा नाही. ओळख पटू नये म्हणून आम्ही तो बेतलेला आहे. आणि हो, निवेदनात आम्हीही 'व्यक्ती' या शब्दाच्या आडोशाला उभे आहोत. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, त्याला आमचा इलाज नाही.

[दृश्य: समुपदेशकाच्या हातातला फॉर्म. एक रकाना कोरा.]

समुपदेशक बाईंनी फॉर्म पाहिला. 'लिंग' या रकान्यात खूण नव्हती. 'राहिलं वाटतं' म्हणून त्यांनी पेन पुढे केलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं झालं." वयाने त्या बऱ्याच मोठ्या, 'तू' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण 'तू' म्हटलं की 'आलास' की 'आलीस' ते ठरवावं लागतं. 'तुम्ही' त तेवढी जागा आहे.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्याशी बोलताना मी कसं बोललेलं आवडेल?"

बराच वेळ शांतता. मग, "अजून ठरलं नाहीये."

"चालेल. ठरेल तेव्हा सांगा. नाही ठरलं तरी चालेल."

समलिंगी, उभयलैंगिक (स्त्री-पुरुष दोघांचीही ओढ असणारी), ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारी) अशा माणसांसाठीच्या या पद्धतीला 'अफर्मेटिव्ह' कौन्सेलिंग म्हणतात. आपण होकाराचं समुपदेशन म्हणू. समोरच्या माणसाचा लैंगिक कल किंवा लिंगभाव, म्हणजे स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानणं, हा दुरुस्त करायचा बिघाड नाही, हे इथे आधीच मान्य असतं. त्यावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती झोपेची, नोकरीची, भीतीची.

आज हे सोपं वाटतं. पण ज्या शास्त्राच्या खुर्चीत समुपदेशक बसतात, त्याच शास्त्राने अनेक दशकं याला आजार म्हटलं होतं.

[दृश्य: शाईच्या डागांची चित्रं, एकामागून एक.]

तेव्हा तज्ज्ञांना समलिंगी माणूस भेटायचा तो दवाखान्यात, नाहीतर तुरुंगात. त्यावरून त्यांनी सगळ्यांबद्दल मत बनवलं होतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी वेगळं काही केलं. उपचार घेत नसलेले 30 समलिंगी पुरुष आणि वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळणारे 30 इतर पुरुष त्यांनी निवडले. सगळ्यांच्या मानसिक चाचण्या घेतल्या, डागात काय दिसतं यावरून मनाचा अंदाज घेणारी शाईच्या डागांची चाचणीही त्यात होती. मग ओळख काढून टाकलेली उत्तरं नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवली आणि विचारलं, यातले समलिंगी कोण? ज्यांची हयात हे डाग वाचण्यात गेली होती, त्यांना ते ओळखता आलं नाही. हा अभ्यास प्रसिद्ध झाला 1957 मध्ये. आजारांच्या यादीतून समलैंगिकता निघायला त्यानंतरही सोळा वर्षं लागली.

यादी बदलली त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणजे मे 1972 ची गोष्ट. डॅलस शहरात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. व्यासपीठावर एक माणूस बसला होता. तोंडावर रबरी मुखवटा, डोक्यावर विग, अंगात ढगळ सूट, समोर आवाज बदलणारा माईक. नाव लावलं होतं 'डॉ. एच. ॲनॉनिमस'. आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञही आहोत, एवढंच त्याला आपल्याच व्यवसायबंधूंना सांगायचं होतं, आणि त्यासाठी इतका सरंजाम लागला. मुखवट्यामागे होते डॉ. जॉन फ्रायर. हे उघडपणे सांगायला त्यांना पुढे अनेक वर्षं लागली.

डिसेंबर 1973 मध्ये संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सभासदांचं मतदान मागितलं. ते झालं आणि 58 टक्के मतांनी निर्णय टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने हे केलं 17 मे 1990 रोजी. ट्रान्स असणं तिच्या यादीतल्या मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर पडलं ते यादीच्या अकराव्या आवृत्तीत, आणि ती लागू झाली 1 जानेवारी 2022 ला. म्हणजे परवाच.

पण यादी बदलली म्हणून उपचाराने कल 'बदलून देतो' म्हणणारे थांबले नाहीत. 1973 च्या निर्णयात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या रॉबर्ट स्पिट्झर यांनीच 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 200 जणांच्या फोनवर मुलाखती घेतल्या आणि काही जण उपचाराने बदलतात असा निष्कर्ष काढला. माणसांनी फोनवर स्वतःबद्दल जे सांगितलं तेच पुरावा धरलं. जगभर त्याचा आधार घेऊन कित्येक मुलांना 'उपचारां'ना नेलं गेलं. 2012 मध्ये स्पिट्झर यांनी जाहीर माफी मागितली. चूक कबूल करणारा शास्त्रज्ञ दुर्मीळ, हे खरं. पण मधली नऊ वर्षं ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना त्या माफीचा काय उपयोग झाला असेल, असं वाटत राहतं.

[दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल.]

खोलीत परत येऊ. हा मोबाइल आल्यापासून पालथा आहे. जोडीदाराचं नाव त्यात वेगळ्याच नावाने सेव्ह केलंय. ऑफिसात सुट्टीच्या गप्पा निघाल्या की 'तो' ची 'ती' करून सांगायची, आणि मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवायचं. कुणी शिवी दिलेली नाही, कुणी हात उगारलेला नाही. तरी सतत कान टवकारलेले. इलन मेयर या संशोधकाने 2003 मध्ये या ताणाची नीट मांडणी केली. अल्पसंख्य असण्याचा ताण. अपमान झाला तर त्रास होतोच, पण अपमान होईल म्हणून सावध राहण्याचाही त्रास होतो, आणि लपवण्याचा होतो तो आणखी वेगळा. निराशा आणि घबराट या लोकांमध्ये जास्त का, याचं उत्तर त्यांच्या घडणीत नाही, भोवतालात आहे.

होकार म्हणजे हो ला हो करणं, असा एक गैरसमज आहे. चांगला समुपदेशक अडवतो, उलट प्रश्न विचारतो. "घरी आजच सांगून टाकते" असं कुणी म्हणालं, तर तो टाळ्या वाजवत नाही. विचारतो, त्या रात्री घराबाहेर काढलं तर झोपणार कुठे? पैसे कुणाच्या खात्यात आहेत? कागदपत्रं कुठे आहेत? आणि एखादा समलिंगी मुलगा परीक्षेच्या धास्तीने आला असेल, तर बोलायचं परीक्षेबद्दलच. प्रत्येक दुखण्याचं मूळ त्याच्या कलात शोधणं हाही आगाऊपणाच.

ट्रान्स व्यक्तींची अडचण आणखी गुंतागुंतीची. शस्त्रक्रियेसाठी किंवा हार्मोन्ससाठी मानसतज्ज्ञाचं पत्र लागतं. त्यामुळे समुपदेशक एकाच वेळी ऐकून घेणाराही होतो आणि दारावरचा पहारेकरीही. मग माणसं पाठ केलेली गोष्ट सांगतात. 'मला लहानपणापासून माहीत होतं', 'कधीच शंका आली नाही', कारण शंका कबूल केली तर पत्र अडेल. आणि शंकेबद्दल बोलायला हक्काची जागा कुठली, तर हीच खोली! प्रौढांसाठी असं पत्र लागतंच असेल तर एकाच तज्ज्ञाचं पुरे, अशी शिफारस 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी केली आहे. पहारा थोडा सैल झाला, दार तेच आहे.

समुपदेशकाला हे सगळं शिकवायचं कुणी? बऱ्याचदा ते समोर बसलेल्यालाच करावं लागतं, तेही फी भरून. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी 2021 मध्ये एकमेकींच्या जोडीदार असलेल्या दोन स्त्रियांच्या प्रकरणात निकाल देण्याआधी एक गोष्ट केली. आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं मान्य करून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले. मग त्यांनी आदेश दिला, आणि असा 'बदल' घडवण्याच्या प्रयत्नांना त्यात मनाई केली.

[दृश्य: तीच खोली. पाचवी भेट.]

"आज वेळेत आले."

समुपदेशक बाईंनी मान हलवली. कौतुक केलं नाही, वहीत काही लिहिलंही नाही. बोलणं सुरू झालं. नोकरी सोडायचा विचार तूर्त मागे पडलाय, झोप मात्र अजून तशीच. तेवढ्यात मोबाइल थरथरला. घरचा फोन.

"हो... निघालोच. अर्ध्या तासात पोचतो."

फोन पुन्हा टेबलावर गेला. या वेळी उताणा.

"हं, तर कुठे होते मी?"